नवरा ब्रिस्टलला असतो

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या मार्चातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, नॉटिंगहॅममध्ये, तिच्याच बैठकीच्या खोलीत. त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगते.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. संधिवाताने बोटं वाकडी झालीत. बटण लागत नाही, पातेलं उचलवत नाही. अपंगत्वाचा भत्ता मिळतो, पण कमी दराचा. तो वाढवून मागितला म्हणून तपासणीला सरकारी खात्याची एक बाई घरी येणार होती. मी आदल्या दिवशी बर्मिंगहॅमहून आले. हक्कांची पत्रकं लिहिणारी मी, सकाळी उठून काय केलं? घर आवरलं. मावशीला साडी नेसवली. पोहे केले. घरी कुणी येणार म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नाही.

"हाऊ आर यू मॅनेजिंग?" बाईने विचारलं.

"व्हेरी वेल, थँक यू," मावशी हसून म्हणाली. "प्लीज, हॅव सम पोहे."

मी आत चहा गाळत होते.

अहवाल आला: पोशाख नीटनेटका, पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते. वाढ नामंजूर.

"खरं का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा घरी आलेल्या बाईपुढे रडगाणं गाऊ?"

फेरविचार मागायला एक महिना असतो. त्यासाठी कागद शोधताना तिच्या पेन्शनचा जुना फॉर्म सापडला. पेन्शन अर्धीमुर्धीच, कारण नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागे गावं बदलताना तिची स्वतःची नोकरीची वर्षं भरलीच नाहीत. फॉर्मवर 'विवाहित'वर खूण, नवऱ्याच्या माहितीचा रकाना मोकळा. घटस्फोटाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळात मात्र दर गणपतीत तिचं एकच वाक्य: "हे ब्रिस्टलला असतात."

मला ओरडायचं होतं. पण दिवसभर पेन्शनच्या ऑफिसला फोन लावून, होल्डवरचं तेच संगीत ऐकून इतकी दमले होते, की तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"२०१६च्या एप्रिलआधी पेन्शनच्या वयाला आलेल्या, म्हणजे जुन्या नियमांत बसणाऱ्या घटस्फोटित बाईला पूर्वीच्या नवऱ्याच्या सरकारी विम्याच्या वर्गणीच्या नोंदीवर पेन्शन मागता येते. तू पुन्हा लग्न केलं नाहीस. तू बसतेस त्यात."

"त्याचं काही नको मला."

"त्याचा एक पेनी कमी होत नाही. परवानगीही लागत नाही. तू त्याचे डबे भरलेस म्हणून त्याची वर्षं भरली."

"आणि मंडळात कळलं तर?"

"मावशी, मंडळाला माहीत आहे. तो ब्रिस्टलला कुणाबरोबर असतो, तेसुद्धा."

तिने जुना फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच खोटं बोलले?"

"हो."

"आधी सांगायचंस की, मेले."

पेन मुठीत धरून तिने पेन्शनच्या नव्या अर्जात 'घटस्फोटित'वर खूण केली. रेघ चौकटीबाहेर गेली. मग भत्त्याच्या फेरविचाराच्या अर्जासाठी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी लिहून घेतलं: आंघोळीला माणूस लागतं, घास कुणाला तरी मोडून द्यावा लागतो. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

दोन्ही अर्ज गेले. उत्तर अजून नाही. मागच्या सगळ्या वर्षांचे पैसे मिळतील का, कुणीच नीट सांगत नाही.

तुमच्याही ओळखीत अशी एक बाई आहे, जिचा नवरा कायम दुसऱ्या गावी असतो. तिच्याबद्दल तुम्ही पाठीमागे भरपूर बोललात. या आठवड्यात तिच्या घरी जा, तोंडावर विचारा, त्याच्या नोंदीवर पेन्शन मागितलीस का. नाही म्हणाली, तर तिथेच बसून फॉर्म भरा.