वजन उचलताना बोलत राहा

कोपरीतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेच्या आई, डोंबिवलीत आमच्याच गल्लीत भाड्याने राहायला आल्या. बीपीची गोळी आम्हा दोघींनाही चालू. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, ‘‘गोळी सोडायची नाही, पण नुसतं चालून भागणार नाही. स्नायूंना काम द्या. कुणाच्या तरी देखरेखीखाली थोडी वजनं उचला.’’ सुनेने हे ऐकलं आणि त्याच आठवड्यात दोघींचीही नावं जिममध्ये घातली.

आमचं नातं अगदी अहो-जाहोतलं. एकमेकींकडे जायचं तर इस्त्रीची साडी हवीच. आता पंजाबी ड्रेस आणि बूट घालून आरशासमोर उभ्या राहिलो, तर कुठे बघावं तेच कळेना.

‘‘आधी तुम्ही,’’ मी म्हणाले.

‘‘छे! मान तुमचा. मुलाकडच्या तुम्ही.’’

शिकवणारी मुलगी म्हणाली, ‘‘काकू, मानपान नंतर. उचला कोणीतरी.’’

उचललं. पण बादली उचलताना श्वास कोंडून धरतो, तसा दोघींनीही धरला. ती ओरडलीच. ‘‘श्वास रोखू नका, त्याने बीपी वाढतं! उचलताना सोडायचा. जमत नसेल तर बोलत राहा.’’

बोलायचं काय? विहीणबाईंनी डंबेल वर नेलं आणि म्हणाल्या, ‘‘लग्नात... तुमची माणसं... जेवायला फार... उशिरा बसली.’’

इतक्या वर्षांत बाई याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीही माझं वजन उचललं. ‘‘मठ्ठा... आंबट... होता.’’

‘‘आंबट? तुमची जाऊ... तीन ग्लास... प्यायली!’’

‘‘तिला... काहीही... चालतं.’’

मग जे हसू फुटलं ते आवरेचना. त्या मुलीने घाईघाईने दोघींच्या हातातली वजनं काढून घेतली.

पहिले काही दिवस मांड्या अशा दुखत की खुर्चीत बसतानाही ‘आई गं’ व्हायचं. पण गेलो. पाच-सहा महिन्यांनी बीपी तपासायला गेलो तेव्हा विहीणबाई आधी आत गेल्या आणि बाहेर येऊन भर दवाखान्यात ओरडल्या, ‘‘अगं, उतरलंय माझं!’’ त्या मला ‘अगं’ म्हणाल्या, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझं थोडंच उतरलेलं. जरा हिरमुसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘गोळी तीच ठेवू, व्यायामही. जिना चढताना कसं वाटतं?’’ तेव्हा आठवलं, हल्ली मी कठडा धरतच नाही.

सुनेची मात्र पंचाईत झालीय. पूर्वी तीच आमचे निरोप इकडून तिकडे पोचवायची. आता आम्ही दोघी मिळून तिला विचारतो, ‘‘तू कधी येणार?’’

‘‘वेळ मिळाला की.’’

काल विहीणबाई तिच्या मापाचे बूट घेऊन आल्या.