कर्णे आणि आबांचा डावा कान

आबा नेदरलँड्सला तीन महिन्यांसाठी आले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांनी आमच्या घरातलं दुरुस्त करण्यासारखं सगळं दुरुस्त करून टाकलं. गळका नळ, कुरकुरणारं दार, माझ्या सायकलचा ब्रेक. दुसऱ्या आठवड्यात ते खिडकीत बसून समोरच्या एकसारख्या घरांकडे बघत राहायला लागले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आले होते. मी आणि नवरा दिवसभर मीटिंगमध्ये. आमच्या नीउ-व्हेनेप गावात दुपारी रस्त्यावर कुत्र्याला फिरवणारं माणूस दिसलं तरी आबांना बरं वाटायचं.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात आबांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न असो, भजन असो, कुस्त्यांचं मैदान असो, आबांचे कर्णे खांबावर बांधलेले असायचेच. कर्णा म्हणजे तो पत्र्याचा पसरट भोंगा. त्याच्या मागे जे जड, गोल यंत्र बसवलेलं असतं त्याला आबा युनिट म्हणत. मला लहानपणी त्या धंद्याची लाज वाटायची. शाळेत मुली मला 'भोंगेवाल्याची' म्हणत. पुण्याला शिकायला गेले, पुढे इकडे नोकरी लागली, आणि सुटले एकदाची त्या आवाजातून, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर मी पुस्तकांचं कपाट शोधत होते, तेव्हा ती जाहिरात दिसली. बंद पडलेल्या थिएटरातले दोन जुने कर्ण्याचे स्पीकर, पैकी एक नादुरुस्त. आबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन नाकाजवळ नेला आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला.

"युनिट गेलं असेल त्याचं. लाकूड मात्र झकास आहे. कधी जायचं?"

शनिवारी गेलो. युट्रेख्ट शहराच्या पुढे एका गावात जुन्या गोठ्याचं वर्कशॉप केलेलं होतं. मालक ऐंशीच्या घरातले, इतके उंच की स्वतःच्याच दारातून वाकून बाहेर आले. मी त्यांना शेवटपर्यंत 'मेनेर' म्हणत राहिले, इथे अनोळखी पुरुषाला म्हणतात तसं. आयुष्यभर त्यांनी चित्रपटगृहांत आणि चर्चमध्ये स्पीकर बसवले होते. आता गुडघे दुखतात म्हणून गोठा रिकामा करत होते.

"आधी ऐका, मग घ्यायचं की नाही ते ठरवा," ते म्हणाले.

ते दोन स्पीकर म्हणजे कमरेच्या वर येतील एवढी लाकडी खोकी होती आणि प्रत्येकावर एक काळा कर्णा. मेनेरनी आधी शेजारचा नवा, बारीक स्पीकर लावला. एक बाई गात होती, सोबत पियानो. छान वाटलं. मग त्यांनी तीच तार चालू असलेल्या कर्ण्याला जोडली. बाई एकदम समोर येऊन उभी राहिली. तिने गाण्याआधी श्वास घेतला तोही ऐकू आला. मी कर्ण्याचा इतका हळू आवाज कधी ऐकलाच नव्हता. आमच्या गावात कर्णा म्हणजे कानठळ्या.

"हे असं कसं?" मी आबांना विचारलं.

"अगं, शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हात धरतो की नाही? तेच आहे हे. कमी जोरात जास्त लांब जातं. आमच्याकडे लोकांना जोरच पाहिजे असायचा, त्याला मी काय करणार?"

मी हे मेनेरना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरून आबांना डच भाषेत काहीतरी हाक मारली. आबांनी तशीच मराठीत परत मारली. सौदा ठरला, आणि वर हेही ठरलं की नादुरुस्त स्पीकर तिथेच, दोघांनी मिळून दुरुस्त करायचा.

पुढचे पाच शनिवार आम्ही तिकडे होतो. त्या दोघांमध्ये समाईक भाषा नव्हती, पण हत्यारं ओळखीची होती. युनिट उघडलं तेव्हा आतला, थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा फाटलेला आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल काळी पडलेली निघाली. चुंबकाच्या बारीक फटीत गंज साचला होता. मेनेर खिशाकडे हात नेत होते, तर आबांनी चिकटपट्टी मागितली, ती दुमडून फटीत फिरवली आणि वर काढली. पट्टीला लालसर भुकटी लागली होती. मेनेर खो-खो हसले आणि त्यांनी आपल्या खिशातून तशीच दुमडलेली पट्टी काढून दाखवली.

तिसऱ्या शनिवारी नवा पडदा बसला आणि दोन्ही स्पीकर एकत्र लावले. आबांना समोरच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"डावा अजून मंद आहे. वरचे सूर येतच नाहीत त्याचे."

मला तर दोन्ही सारखेच वाटत होते. मेनेरनी मागे जाऊन तारांची अदलाबदल केली. आबा पुन्हा म्हणाले, "डावाच." मग मेनेरनी थोडा विचार केला आणि आबांची खुर्ची उलटी फिरवली, पाठ स्पीकरकडे करून. आबांनी ऐकलं आणि पुन्हा डाव्या हाताकडे बोट दाखवलं. या वेळी त्या बाजूला दुसरा स्पीकर होता.

मला कळायला दोन क्षण लागले. दोष स्पीकरमध्ये नव्हता, आबांच्या डाव्या कानात होता.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"असेल दहा-बारा वर्षांपासून. कर्ण्याखाली उभं राहून आयुष्य गेलं, काही तरी होणारच. तुझ्या आईला माहीत होतं."

तेव्हा मला आठवलं की आई कुठेही, लग्नात, एसटीत, जेवायला, आबांच्या उजव्या बाजूलाच बसायची. मी ते कायम बघितलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. चहा विचारला की आबा उत्तर देत नाहीत म्हणून मी या महिन्यात दोनदा त्यांच्यावर चिडले होते. दोन्ही वेळा मी त्यांच्या डावीकडून बोलले असणार.

आबा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "चल, घरी जाऊ. आता मी काय दुरुस्त करणार?"

मी ते मेनेरना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच्या दोन्ही कानांतून दोन छोटी यंत्रं काढली, तळहातावर ठेवून आबांपुढे धरली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या दोघांचे मिळून दीड कान आहेत," ते मला म्हणाले. "तुझे दोन चांगले आहेत. बस इथे."

मग मी बसले. नव्या पडद्याची बारीक जुळणी अजून बाकीच होती. पडदा चुंबकाच्या अगदी मधोमध बसवायचा असतो, नाहीतर कॉइल घासते. मेनेर टेबलावरच्या एका यंत्रातून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एकच सूर सोडत. आबा बोटांची टोकं युनिटवर ठेवून एकेक स्क्रू केसभर फिरवत. मी कर्ण्याच्या तोंडाशी कान लावून ऐकायची.

"खरखर आहे, आबा."

"वर जाताना की खाली?"

"वर जाताना."

"आता?"

"थोडी कमी झाली."

दीड-दोन तास असंच चाललं. त्यांनी मला या कामातलं लहानपणी काहीच शिकवलं नव्हतं. मी शिकायला कधी गेलेच नव्हते. एका क्षणी सूर खालून वर गेला, पार माझ्या ऐकण्याच्या पलीकडे, आणि मध्ये कुठेच अडखळला नाही. मी मान वर केली. आबांनी बोटं उचलली नाहीत. "कळलं मला," ते म्हणाले. "हाताला लागलं."

खोकी भाड्याच्या व्हॅनमधून घरी आली तेव्हा नवरा म्हणाला, "आपण दोन फ्रिज घेतलेत का?" आमच्या बैठकीच्या खोलीची रुंदी ती किती. आबांनी आठवडाभर ते स्पीकर सरकवले. भिंतीला टेकवले तर आवाज घुमायचा, पुढे घेतले तर नवऱ्याला सोफ्यावर जायला वाट उरायची नाही. शेवटी ते दोन कोपऱ्यांत गेले, तोंडं थोडी आत वळवून. कुठे बसल्यावर काय ऐकू येतं हे मी सांगायची आणि आबा खडूने जमिनीवर खूण करायचे. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंना मी आधीच जाऊन सांगितलं होतं. त्यांनी चार दिवसांनी दार वाजवलं तेव्हा मी माफी मागायच्या तयारीनेच दार उघडलं. पण त्या विचारायला आल्या होत्या की काल सकाळी लागली होती ती सनई पुन्हा ऐकायला मिळेल का.

मेनेरनी आबांना एकदा एका चर्चमध्येही नेलं. तिथे बोललेलं मागच्या बाकांवर कळत नव्हतं. आबांनी वर बघितलं आणि सांगितलं, "कर्णे समोरच्या भिंतीशी बोलतायत. खाली वळवा, माणसांकडे." एक तरुण बाई शिडीवर चढली, तिने ते वळवले. मग आबा माइकसमोर उभे राहिले आणि त्या उंच, थंड इमारतीत त्यांनी शांतपणे म्हटलं, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." शेवटच्या बाकावरून मला 'टेस्टिंग'मधलं प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू आलं. लाज वगैरे काही वाटली नाही. उलट वाटलं, अजून थोडं बोलावं त्यांनी.

आबा परत गेल्यावर साताऱ्यात कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र घेतलं, पण मनाला येईल तेव्हाच लावतात. मेनेर आणि ते दर आठवड्याला व्हिडिओवर भेटतात. एक डचमध्ये बोलतो, एक मराठीत, आणि दोघे कॅमेऱ्यासमोर सुटे भाग धरतात. महिन्यातले दोन शनिवार मी अजून त्या गोठ्यात जाते. सध्या टेबलावर एका जुन्या नाट्यगृहातलं युनिट उघडून ठेवलंय. त्याचा पडदा मी स्वतः बसवणार आहे, आणि मेनेर म्हणालेत, ते फक्त कॉफी करतील.