माल थंड होऊन राहिला

फोरमन काका झोपेतही बोलायचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले, तरी दुपारी डोळा लागला की ओरडायचे, "अरे, क्रेन हटव!" काकू कूस न बदलता म्हणायच्या, "हटवली. झोपा आता."

आठवीतून शाळा सोडून मी भंडाऱ्याकडून भिलाईला आलो, तेव्हा कॅम्प-१ वस्तीतल्या आपल्या घराची बाहेरची खोली त्यांनीच दिली, ठेकेदाराकडे कामालाही लावलं. मी सगळ्यालाच घाबरायचो. काका म्हणायचे, "कावून भेऊन राहिला बे? मी हाय ना!"

मग काकांच्या छातीत कॅन्सर निघाला अन् तो डोक्यात पोचला. एकच गाठ, पण नेमकी बोलण्याच्या जागेशेजारी. रायपूरच्या डॉक्टरबाईंनी समजावलं : बहुतेकदा आधी ऑपरेशन करतात, जखम भरली की रेडिएशन. यांना मात्र आधी रेडिएशन देऊ अन् एक-दोन दिवसांतच ऑपरेशन करू. म्हणजे कापताना गाठीतल्या पेशी सांडल्याच, तर मेलेल्या सांडतील. बोलणं राहील की नाही, ते आज सांगता येणार नाही.

मला घाम फुटला. काका मात्र खूश! "हा तर मिलचाच कायदा हाय! पहिले तापवा, मंग कापा. थंड लोखंड कोन कापते?"

रेडिएशन झालं अन् भर मे महिन्यात काकांनी माकडटोपी चढवली, वरून काकूंची शाल. वॉर्डातला एसी बंद करायला लावला. "माल थंड होऊन राहिला ना!" शेजारचा पेशंट घामानं निथळत होता. काकू म्हणाल्या, "डोक्शावर तवा ठेवू का? पोळ्या तरी होतील." डॉक्टरबाईंनी हसू दाबत सांगितलं, की या किरणांनी डोकं तापत नाही. काकांनी शहाण्यासारखी मान हलवली अन् बाई वळताच टोपी हनुवटीपर्यंत ओढली.

ऑपरेशननंतर त्यांनी डोळे उघडले, पण ओठ हलेनात. काकूंनी पदर तोंडाशी नेला. मी काकांचा हात धरून रडायलाच लागलो. काका माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग एकेक शब्द ढकलत म्हणाले, "ड्यूटी... सोडून... कावून आला बे?"

इतक्या आनंदानं मी कधी बोलणी खाल्ली नाहीत.

पुढच्या थंडीत छातीनंच दगा दिला. पण जाईपर्यंत काका बोलत होते, सगळ्यांना टोकत होते, काकूंना चहातल्या साखरेवरूनही. आता काकू चहा टाकताना मधेच थांबतात. "कोनी टोकतच नाई रे. साखर किती टाकू?"

मी खोलीतून ओरडतो, "कमी टाका!"

अन् मग त्या मुद्दाम चमचाभर जास्त टाकतात.