पंचेचाळीस गाठी

बाबासाठी मी तीन फोन घेतले. पहिला २०१४ मध्ये, साधा बटणांचा. दुसरा दोन वर्षांनी, मोठ्या आकड्यांचा. तिसरा २०१७ च्या पावसाळ्यानंतर, कॅमेऱ्याचा, कारण माझी लेक जर्मनीत होती, तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला मी जाणार होते. तिन्ही फोन बाबाने एका कापडी पिशवीत घातले आणि जाळं विणायच्या सुयांशेजारी खुंटीला टांगून ठेवले. मी दर खेपेला जाऊन बघायची. पिशवीला हात लागलेला नसायचा.

मी तलासरीला एका शाळेच्या कचेरीत काम करते. हजेरीपट, दाखले, पटसंख्या. आकडा चुकला की मला जेवण जात नाही. बाबा डहाणूजवळ किनाऱ्यावर, वाढवणच्या बाजूला, जुन्या घरात एकटा राहायचा. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बाबाचं वय अठ्ठ्याहत्तर, रक्तात साखर, आणि गोळी घेतली की वेळेवर खायलाच हवं. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मीही इथे तसंच लिहिते आहे.

फोनचा राग त्याला उगाच नव्हता. माझा काका, म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ, ज्या बोटीवर होता तिच्यावर नवा वायरलेस बसवला होता. एका दुपारी बंदरावरच्या यंत्रात त्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ, संध्याकाळच्या भरतीला येतो म्हणून. बाबा स्वतः तिथे उभा होता. ती बोट आली नाही. त्यानंतर बाबाचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "आवाज येतो. माणूस येतो असं नाही."

मग आमच्या घरात काय चालायचं? दोरी. बाबा तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा मुख्य. बोट आठ-दहा दिवसांच्या खेपेला निघायची तेव्हा तो जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा घ्यायचा आणि जितके दिवस लागणार तितक्या गाठी मारून आईच्या हातात द्यायचा. जाणाऱ्याने गाठी मारायच्या, राहणाऱ्याने रोज एक सोडायची. शेवटची गाठ सुटेपर्यंत कोणी काळजी करायची नाही, कोणी रडायचं नाही. पण दोरी सरळ झाली आणि बोट आली नाही, तर आई चूल विझवायची आणि किनाऱ्यावर जाऊन बसायची. बोट दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. माझ्या आठवणीत असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी नऊ वर्षांची होते. पितळी तांब्या घेऊन गेले, तर तिने तो बाजूला सारला. बाबा दुसऱ्या दिवशी आला. आई उठली तेव्हा तिच्या पायांत बळ नव्हतं, तिला शेजारच्या दोघींनी धरून आणलं.

निघायच्या दिवशी मी फोनची पिशवी खाली काढली. बाबा ओट्यावर बसून जाळ्याचं भोक सांधत होता.

"एकदा शिकून घे ना बाबा. हिरवं बटण दाबलंस की मी दिसेन."

"टिचभर खिडकीत? त्यात तू मावतेस होय? तुझी आई म्हणायची, ही दारातून आडवी होऊन येते."

"चेष्टा नको. मी लांब चाललेय."

"माहीत आहे." त्याने मांडीखालची निळी दोरी काढून माझ्यापुढे टाकली. "किती दिवस?"

"पंचेचाळीस."

"यायचा धरून?"

"यायचा धरून."

"मग मार गाठी. मला बघू दे."

मी पंचेचाळीस गाठी मारल्या, दोन वेळा मोजल्या. बाबाने तिसऱ्यांदा मोजल्या. माझ्या गाठी पाहून म्हणाला, "बाय, ह्या गाठी आहेत का भजी?" पण दोरी खुंटीला लावली. पिशवीच्या वर.

गाडीत बसेपर्यंत मला नीट कळलं नव्हतं की मी काय कबूल करून बसले. दोरी सरळ झाली आणि मी आले नाही, तर हा माणूस आईसारखाच जाऊन बसणार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, साखरेच्या गोळ्या खाऊन, उपाशी. मी नवऱ्याला म्हटलं, काही झालं तरी पंचेचाळिसाव्या दिवशी मी ओट्यावर पाहिजे. तो म्हणाला, तिकीट काढलंय ना, मग झालं.

जर्मनीतलं ते गाव समुद्रापासून इतकं दूर होतं की तिथल्या हवेला कसला वासच नव्हता. मी पोचले आणि चौथ्या दिवशी नात झाली. त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. खिडकीबाहेर पांढरं, आत मंद पिवळं. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक इतकाच की एकीत दिवा बंद करायचा आणि दुसरीत लावायचा. बाळ माझ्या छातीवर झोपायचं आणि भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळीतून एक आवाज यायचा, भरत येणाऱ्या आणि मग मागे सरणाऱ्या पाण्यासारखा. डोळा लागायचा तो त्या आवाजावरच. मग मी ओट्यावर असायची. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, त्यांच्यामागे ओहोटीने उघडा पडलेला लांबच लांब चिखल, आणि आई दोरीची गाठ सोडते आहे. नेहमी दिवेलागणीला. तिच्या नखाखाली गाठ हळूच फुगते आणि नाहीशी होते. जाग आली की माझा हात बाळाच्या दुपट्याची गाठ चाचपत असायचा.

घड्याळ मी घरच्या वेळेवरच ठेवलं होतं. त्यातून साडेचार तास वजा केले की तिथली वेळ. लेकीने चिडवलं, "आई, तू अजून डहाणूतच आहेस." रोज डहाणूत दिवे लागायच्या वेळी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक चौकट खोडायची. तिकडे एक गाठ सुटली, इकडे एक चौकट गेली. आम्ही रोज बोलतच होतो म्हणायचं, फक्त आवाज नव्हता.

आवाज होता तो शेजारच्या वहिनीचा. बाबाचं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये एक कुंपण. तिच्याकडे फोन होता आणि सांगायची हौसही.

"जेवतो का गं नीट?"

"जेवतो. मांदेली दिली काल, काटे तेवढे परत आले. पण तुझ्या बाबाचं काहीतरी बिघडलंय हो. आज भर दुपारी दोरी घेऊन किनाऱ्यावर. गेल्या आठवड्यात पहाटे जात होता. रोज वेगळी वेळ. म्हटलं काय काका, झोप येत नाही? तर मला म्हणतो, तुला येते ना, पुरे."

माझ्या मनात आलं, म्हातारपण. वेळेचं भान चाललं. गोळ्या चुकल्या तर? मी वहिनीला सांगितलं, फोन त्याच्यासमोर धर, मला बघू दे. तिने धरला. पडद्यावर बाबाची पाठ आली, अर्धा कान आणि मागे पाणी. मी हाक मारली. बाळालाही समोर धरलं, बघ तुझी पणती. पाठ हलली नाही. वहिनी म्हणाली, "काका, पणती बघा हो!" बाबा समुद्राकडे बघतच म्हणाला, "आली की बघेन."

त्रेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी बर्फ सुरू झाला. चव्वेचाळिसाव्या दिवशी विमानतळावर सगळ्या पाट्यांवर एकच शब्द होता आणि तो वाचायला मला जर्मन येण्याची गरज पडली नाही. विमान चोवीस तासांनी सुटणार होतं. काचेपलीकडे विमानं ओळीने उभी होती, पांढरी होत चाललेली, पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होड्यांसारखी. मी हिशेब केला. पंचेचाळीस गाठी, शेहेचाळिसावा दिवस. एक दिवस बाबा किनाऱ्यावर, उपाशी. तांब्या बाजूला सारणारा आईचा हात मला दिसत राहिला. उशीर होऊ शकतो हे धरून एक गाठ जास्त मारायची अक्कल मला, रोज आकडे मांडणाऱ्या बाईला, सुचली नव्हती.

वहिनीला फोन लावला.

"बाबाला सांग, एक दिवस उशीर. बर्फ पडलाय. मी ठीक आहे. दोनदा सांग."

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "सांगितलं. मोठ्याने सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. सुईत दोरा घालत होता, घालत राहिला."

"उद्या त्याला बळजबरीने खायला घाल."

"तुझ्या बाबाला? बळजबरीने? आधी तू ये बाई."

विमानात मी जागी होते की झोपले होते, सांगता येणार नाही. खाली ढग होते आणि त्यांच्यावर चंद्राचा उजेड, ओल्या चिखलावर पडतो तसा. मला वाटत होतं आपण डहाणूच्या किनाऱ्यावरूनच चाललोय, फक्त फार उंचावरून, आणि खाली कुठेतरी आई बसली आहे. नाही, बाबा.

मुंबईहून नवऱ्याने गाडी थेट डहाणूला आणली. दुपारचे दोन वाजून गेले होते. घराला कडी. ओट्यावर सुई, अर्धवट जाळं. खुंटीवर पिशवी होती, दोरी नव्हती. मी चपला तिथेच टाकल्या आणि किनाऱ्याकडे धावले.

बाबा वाळूत बसला होता. आई बसायची तसाच, गुडघे छातीशी घेऊन. पाणी अजून बरंच लांब होतं, पण येत होतं. मी त्याच्याजवळ पोचले तेव्हा मला धाप लागली होती.

"बाबा, जेवलास का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मासा पारखावा तसं. "कधीच. भाकरी आणि सुकटीची चटणी. तू का पळतेस?"

"दोरी संपली असेल ना. मला उशीर झाला."

"कुठला उशीर? आधी आलीस." त्याने मूठ उघडली. निळी दोरी, आणि तिच्या टोकाला एक गाठ. माझीच, भज्यासारखी.

मला वाटलं, निरोप पोचला. याने वहिनीच्या फोनचं ऐकलं आणि एक दिवस गाठ सोडली नाही. डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "थांबवून ठेवलीस होय माझ्यासाठी?"

"गाठ थांबवायची नसते," बाबा रागावून म्हणाला. "वाढवायची नसते, थांबवायची नसते. मी भरतीवर सोडतो. दिवसाच्या दोन भरत्या, एक धरायची, एक सोडून द्यायची. तुझी आई तशीच सोडायची. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं दिवेलागणीला."

"एखाद्या दिवशी भरती दिवेलागणीला येते. तेव्हाच बघितलं असशील."

मी वाळूत बसले. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोळ्याची मुलगी आहे. पण त्याला पंचेचाळीसने गुणायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. बावीसशे पन्नास मिनिटं. साडेसदतीस तास. माझा दिवस चोवीस तासांत संपत होता, बाबाचा संपत नव्हता. माझ्या कॅलेंडरवर मी चोवीस तास उशिरा आले होते आणि त्याच्या दोरीवर अजून वेळेच्या आत होते. म्हणजे वहिनी सांगत होती ते वेळेचं भान सुटणं नव्हतंच. आणि मग आणखी एक हिशेब आपोआप झाला. दहा दिवसांची खेप असेल तर पाचशे मिनिटं, आठ तास वीस मिनिटं. इतका वेळ प्रत्येक खेपेला आईच्या पदरात जास्तीचा पडत होता. ज्या दोनदा तिने चूल विझवली, तेव्हा तेही तास संपून गेलेले होते.

"आता घरी चल," मी म्हटलं. "फोटो दाखवते. नात बघ."

"थांब. गाठ सुटली नाही."

"अरे पण मी आलेय ना. ही बघ."

"दिसतेस," बाबा म्हणाला. "दिसणं वेगळं. आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, तेव्हा पाणी भरेल. बस गुपचूप."

म्हणून मी बसले. सव्वा तास, बाबाच्या हिशेबाने अजून न आलेली. नवरा लांबून हाक मारून परत गेला. पाणी चिखलावरून पातळ पसरत आलं, खड्डे भरत, एकेक खडक गिळत. बाबा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. इतकी वर्षं हजेरी मांडते, पण हजर आणि गैरहजर यांच्या मधल्या जागेत मी पहिल्यांदाच बसले होते. तिथे फार शांत होतं. पंचेचाळीस दिवसांत मला लागली नव्हती तशी झोप येत होती.

पाणी कालच्या ओल्या रेषेला लागलं आणि क्षणभर उभं राहिलं. बाबाने गाठीत नख घातलं. माझी गाठ वेडीवाकडी, ओढली की आणखी आवळायची. त्याने दातांनी सैल केली, सोडली, दोरी दोन्ही हातांत ताणून सरळ करून पाहिली. मग ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला,

"आलीस? प्रवास कसा झाला? आणि पणती कोणासारखी दिसते गं, आपल्यासारखी की त्यांच्यासारखी?"