आमच्या घरातलं ‘चालंल’

कॉलेजच्या केबिनमध्ये टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. एकीवर संस्थेचे अध्यक्ष, दुसरीवर प्राचार्य. तिसरीवर फ्लेक्सची गुंडाळी ठेवलेली. ती उचलून खाली ठेवावी आणि माझ्या वडलांना बसा म्हणावं, असं कुणालाही वाटलं नाही. वडील उभे राहिले. मीही उभी राहिले.

मग प्राचार्यांनी गुंडाळी सोडली. आत मी होते. ओळखपत्रावरचा माझा फोटो, मोठा करून गोरा केलेला. त्याच्या चौपट मोठा अध्यक्षांचा. खाली लाल अक्षरांत ‘हार्दिक अभिनंदन’ आणि परदेशातल्या एका विद्यापीठाचं नाव.

मी ज्या विद्यापीठात जाणार नव्हते, त्याचं.

“आप्पा, यात चूक झालीय,” मी म्हणाले. “मी दुसरं विद्यापीठ निवडलंय.”

अध्यक्षांना सगळा तालुका आप्पा म्हणतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वडलांना म्हणाले, “काय रं, पोरीला दोन ठिकानी बोलावलंय म्हनं?”

वडील त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत.

“व्हय आप्पा.”

“आमच्या पोरान्ला एक मिळंना. तुमची मजा हाय लेका. सरकारी जावई तुमी.”

प्राचार्य हसले. अध्यक्षांनी फ्लेक्सवर बोट ठेवलं.

“ह्ये नाव जगात म्हाईत हाय. दुसऱ्याला कोन वळखतंय? तुमच्यात निवडायची सवय न्हाई, म्हनून आमीच निवडून ठिवलं. चालंल ना?”

आणि माझे वडील म्हणाले, “चालंल की.”

मला अध्यक्षांचा राग आला, तो येणारच होता. पण खरं सांगते, वडलांचा त्याहून जास्त आला.

वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत. दौंडला आमचं क्वार्टर आहे. आम्ही बौद्ध. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देताना वडलांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. मोठ्या माणसाच्या केबिनमध्ये तो आवाज कुठं जातो, हे मला कधी समजलं नाही. तिथं त्यांच्या तोंडातून एकच शब्द निघतो. चालंल.

शाळेत दुसऱ्या पोरीचा वापरलेला गणवेश मिळाला. बाही एकीकडून उसवलेली. चालंल. मामलेदार कचेरीत साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात या. चालंल. गावाकडच्या लग्नात जेवायला आमची पंगत शेवटी बसवली, भाजी संपलेली होती. चालंल म्हणाले आणि डाळीशी भात कालवून खाल्ला. मी लहान होते. मला भाजी पाहिजे होती.

पण एक ‘चालंल’ मी विसरू शकत नाही. आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. तिथं आमचं दोन एकर रान आहे, सगळ्यात खालच्या अंगाला. वर सगळा ऊस. बाराही महिने पाणी. उसात पाणी साचायला लागलं, तेव्हा वरचा मालक वडलांना म्हणाला, तुझ्या रानातनं चर काढतो, पाणी तेवढं नदीला जाईल, चालंल ना? वडील म्हणाले, चालंल. चर अर्धवट काढला. नदीपर्यंत गेलाच नाही. वरचं पाणी आमच्या रानात मुरत राहिलं आणि चार-पाच वर्षांत रान पांढरं पडलं. खार फुटला. ज्वारी हातभर वाढायची आणि करपायची. आई नखानं वरचा पापुद्रा खरवडायची, बोटावर घेऊन बघत बसायची. म्हणायची, “मीठ हाय गं हे. आपल्या रानाला मीठ लागलं.”

म्हणून मी शेतीची पदवी घेतली. म्हणून मी मातीचा विषय धरला. वर्गात सर क्षारपड जमिनीचा धडा अर्ध्या तासात उरकायचे. परीक्षेला येत नाही म्हणायचे.

मग मी परदेशी अर्ज केले. शासनाची शिष्यवृत्ती आहे, आमच्यासारख्यांसाठी. ती फुकट मिळत नाही, गुण लागतात. ते मी मिळवले. दोन मोठ्या सरकारी विद्यापीठांनी बोलावलं. दोन्ही इतकी मोठी की एकेकात आमचं अख्खं दौंड मावेल. पहिलं मोठ्या शहरात. नाव सांगितलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात. पण तिथला अभ्यासक्रम कंपन्यांच्या कामाचा, मातीला हात लावायचा प्रश्नच नाही. दुसरं मक्याच्या रानांमधल्या एका लहान गावात. त्याचं नाव मला स्वतःला नीट म्हणायला आठ दिवस लागले. पण तिथं खारवट जमिनीची प्रयोगशाळा आहे.

मी तीन आठवडे या दोहोंत लटकत होते. नाही म्हणत नाही, मोठ्या नावाचा मोह मलाही होता. परत आल्यावर नोकरी लवकर मिळेल. ज्यांनी मला ‘सवलतीवाली’ म्हटलं, त्यांची तोंडं बंद होतील. तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरांना मेसेज करून मी पिडलं. वहीत एकीकडं एक, दुसरीकडं एक असं लिहायचे आणि पान फाडायचे.

मग दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंनी व्हिडिओवर बोलायला बोलावलं. मी इंग्रजीची वाक्यं पाठ करून बसले होते. त्यांची गरजच पडली नाही. बाईंनी विचारलं, तुमच्या रानात किती खोलीवर पाणी लागतं? चर कुठं थांबलाय? पांढरा थर पावसाळ्यानंतर वाढतो की उन्हाळ्यात? आमच्या रानाबद्दल इतके प्रश्न मला तोवर कुणी विचारले नव्हते. तलाठ्यानंही नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. वडलांना सांगितलं. ते म्हणाले, “चालंल.”

म्हणजे माझ्या निवडीला ‘चालंल’. आणि आठवड्यानं अध्यक्षांच्या निवडीलाही ‘चालंल’.

परत येताना एसटीत मी त्यांना विचारलं, “तुम्ही दोन्हीला चालंल म्हणालात. मग मी कुठं जायचं?”

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “मोठ्या मान्साम्होरं न्हाई म्हनायचं तोंडात बसत न्हाई गं. जीभच वळत न्हाई. आन् त्येंच्याच हातात हाय ना तुजं पाकीट.”

पाकिटाची गोष्ट खरी होती. माझ्या सगळ्या वर्षांचे गुण कॉलेजनं पाकिटात घालून, पाकीट बंद करून, त्याच्या जोडावर प्राचार्यांची सही आणि शिक्का मारून विद्यापीठाला पाठवायचे असतात. ते पोहोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. फोडलेलं किंवा पत्ता खोडलेलं पाकीट चालत नाही. दोन दिवसांनी मी कॉलेजात गेले तर पाकीट तयार होतं. सही, शिक्का, सगळं जागेवर. पत्ता पहिल्या विद्यापीठाचा.

“पत्ता चुकलाय,” मी क्लार्कभाऊंना म्हणाले.

“आप्पांनी सांगितलाय त्योच घातलाय. तुजं वडील व्हय म्हनलं ना?”

“वडील जाणार नाहीत शिकायला. मी जाणार आहे.”

“एवढं चांगलं शहर सोडून खेड्यात कशाला जाती? आन् फ्लेक्स लागलेत चौकात. आता बदलायचं म्हंजी आप्पांची शोभा व्हईल.”

शोभा. माझ्या आयुष्याचा पत्ता चुकीचा लिहिला त्याची शोभा नाही. फ्लेक्स उतरवला तर शोभा. त्यांना पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी माझं तोंड पाहिजे होतं, एवढाच सगळा जिव्हाळा. मी दळणासाठी दाणे मोजावेत तसं मोजून मोजून बोलत होते, नाहीतर रडू फुटलं असतं.

“चालंल ना मग?” त्यांनी पाकीट पुढं सरकवलं.

त्या माणसाच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. सवयीनंच विचारलं. उत्तरही त्याला माहीत होतं. माझ्याही जिभेवर तोच शब्द आला होता, हे मी लपवणार नाही. घरातून आणलेला शब्द आहे तो, पटकन येतो.

“नाही चालणार,” मी म्हणाले.

आवाज मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. मी पाकीट परत सरकवलं, पिशवीतून कागद काढला आणि तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. पत्ता दुरुस्त करून नवीन पाकीट द्यावं. खाली सही. दोन प्रती.

“पोच द्या.”

“पोच कशाला? घरचंच कॉलेज हाय की.”

“घरचं असतं तर वडलांना खुर्ची मिळाली असती. शिक्का मारा.”

त्यांनी आत जाऊन विचारलं. बाहेर येऊन शिक्का मारला, आवक नंबर टाकला. वर बघितलं नाही. म्हणाले, “आप्पा म्हनलं, बघू. आता कवा व्हईल ते सांगता यायचं न्हाई.”

त्याला आज सहा दिवस झाले. रोज मी दौंडहून एसटीनं जाते, कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसते, पाच वाजता परत येते. चौकात फ्लेक्स अजून आहे. माझं गोरं केलेलं तोंड रस्त्याकडं बघून हसतंय. काल वडलांना म्हटलं, तुम्हीही चला, केबिनमध्ये एकदा नाही म्हणा. ड्युटी आहे म्हणाले. त्यांचा आठवडी सुट्टीचा दिवस होता. मी पुन्हा विचारलं नाही.

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस. त्यात एकच विद्यापीठ लिहायचं असतं. पाकीट हातात नाही. ते मिळालं नाही तर प्रवेश जाईल आणि शिष्यवृत्तीही जाईल. पहिल्याचं नाव टाकलं असतं, तर बंद पाकीट तयारच होतं. मैत्रिणीनं फोन करून तेच सांगितलं. आधी जा तरी, म्हणाली.

आज दुपारी बाकावर बसूनच, मोबाइलवर, मी दुसऱ्याचं नाव टाकलं. एकेक अक्षर बघून. शेवटी एक चौकट होती. तिच्यापुढं लिहिलं होतं: ‘वरील निवड मी स्वतः केली असून ती नंतर बदलता येणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.’

मी ते दोनदा वाचलं. चौकटीवर खूण केली. मग उठून केबिनचं दार ढकललं. आत अध्यक्ष होते. तिसरी खुर्ची रिकामी होती. मला कुणी बस म्हटलं नाही.

मी बसले. म्हणाले, “आप्पा, पाकीट घेतल्याशिवाय मी उठणार नाही.”