वगळलेला थांबा

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. तिथं नवी कार्यालयं उघडत होती आणि नांदेडचे कितीतरी कारकून बदली होऊन तिकडं गेले होते. बायकामुलं इकडं, नोकरी तिकडं. त्यांच्या ये-जा करण्यासाठी एका मालकाने तीन मिनीबस घेतल्या आणि बुकिंगला मला ठेवलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. नव्या जिल्ह्यात जागा निघतील, तोवर हे करतो, असं वडिलांना सांगून त्या टेबलाशी बसलो.

काम मला आवडायचं. रोज सकाळी प्रत्येक फेरीचा तक्ता आखायचा: सतरा चौकोन, कोण कुठं चढणार, कुठं उतरणार. लोह्याला उतरणाऱ्याची सीट पुढं अहमदपूरच्या माणसाला द्यायची. गाडी कुठंही रिकामी धावू नये, हे जमलं की मला उगाच शहाणं झाल्यासारखं वाटायचं.

लोह्याच्या पुढं एका लहान गावात एक मास्तर होते. आमच्याच समाजाचे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्या बायकोला किडनीचं दुखणं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी तिला लातूरच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं होतं आणि ते फक्त सोमवारी तपासायचे. मास्तर शनिवारी परतीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी द्यायचे, "जयभीम. सोमवारी दोन सीट." सोमवारची फेरी नेहमी भरलेली. पण मी लोह्यापर्यंतचे दोन प्रवासी हेरून ठेवायचो, म्हणजे मास्तरांच्या गावी दोन सीट मोकळ्या. एकदाही चुकलं नाही.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. त्या गावात टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही. आमची गाडी थांबली की बाया कळश्या घेऊन धावत यायच्या. ड्रायव्हर म्हातारा, मऊ मनाचा. रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं पाणी तो त्यांच्या कळशीत ओतायचा. एका सोमवारी अहमदपूरच्या अलीकडं गाडी तापून बंद पडली आणि कॅन रिकामे. साहेब लोक दीड तास उन्हात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मालक माझ्या टेबलाशी आले.

"तो थांबा काढून टाक."

"तिथं मास्तरांचं बुकिंग हाय. बाई आजारी हायत."

"दोन माणसांपायी सतरा जण रस्त्यावर उभे करू का? त्यांना म्हणावं पुढच्या फाट्यावर या."

मी वाद घातला नाही. तक्त्यावर लाल शाईनं लिहिलं, 'लोहा ते फाटा, मध्ये कुठेही थांबू नये.' मास्तरांना चिठ्ठी पाठवली. फाटा गावापासून चार किलोमीटर होता. ते चार किलोमीटर कोण चालणार आहे, हे मला माहीत होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी तक्ता परत आला. दोन चौकोनांवर ड्रायव्हरनं फुली मारली होती. "फाट्यावर न्हाई आले. दोन मिनिटं थांबलो," एवढंच बोलला आणि किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला. शनिवारी चिठ्ठी आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

मास्तर स्वतःच आले, तिसऱ्या आठवड्यात. उभेच राहिले.

"तुमची चिठ्ठी मिळाली होती," ते म्हणाले. "दिवस उगवायच्या आत निघालो होतो. अर्ध्या वाटेत ती खाली बसली. म्हणली, तुम्ही पुढं व्हा, गाडी थांबवून धरा. तिला तसं टाकून कसा जाऊ? तेवढ्यात गाडीच आली. मी रस्त्यात उभा राहून छत्री हालवली."

"मग?"

"गाडी बाजूनं गेली."

चार दिवसांनी बाई घरीच वारल्या. मास्तर मला बोल लावायला आले नव्हते. सोमवारच्या दोन सीट मी त्यांच्यासाठी अजून धरून ठेवत असेन, त्या कुणाला तरी मिळाव्यात म्हणून सांगायला आले होते. मी पाणी पुढं केलं. ते अर्धाच ग्लास प्याले आणि उरलेलं तसंच ठेवून गेले.

दुपारी ड्रायव्हरला विचारलं, "छत्री दिसली होती का?"

"दिसली." तो रेडिएटरचे कॅन भरू लागला. "लई जवळून दिसली. पण तुम्हीच लिहून दिलतं. मागं साहेब लोक बसलेले. माझी नोकरी गेली असती."



मालकांना जाऊन सांगितलं. ते वाईट वाटून म्हणाले, "च्च, फार वाईट झालं," आणि शनिवारच्या जादा फेरीचं विचारू लागले. मी त्यांना जादा फेरीचा तक्ता करून दिला. सोडून जायला हवं होतं, पण गेलो नाही. लातूरच्या जागा निघाल्या, मी परीक्षा दिली, यादीत नाव आलं नाही. टेबल तेच राहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरींना पाणी आलं, बायांना गाडीकडं धावायची गरज उरली नाही, आणि मालक म्हणाले, तो थांबा घ्यायला आता हरकत नाही. मी तक्त्यावर गावाचं नाव पुन्हा लिहिलं. तोवर मास्तर किनवटकडं बदली मागून निघून गेले होते. त्या थांब्यावरून सोमवारी कुणीच चढत नव्हतं. गाडी मिनिटभर उभी राहायची आणि निघायची.