बिनक्लचची गाडी

पेणमध्ये छोटी गाडी घ्यायची ठरली की लोक आधी बायकोला विचारत नाहीत, कमळाकरभाऊंना विचारतात. रंग बायकोचा, कर्ज बँकेचं, पण अ‍ॅव्हरेज भाऊंचा. मी इथल्या एका शोरूममध्ये सात वर्षं गाड्या विकते, आणि माझ्या टेबलासमोरची एक खुर्ची गिऱ्हाइकाची नाही, भाऊंची आहे.

भाऊ म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली निम्मी पेण-रोहा. डिझेल वाचवलं म्हणून डेपोत दोनदा सत्कार झाला, त्या शाल-नारळाचा फोटो अजून मोबाइल उघडला की समोर येतो. एसटीत हिशेब दहा लिटरवर चालतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला "सर, चोवीसचा अ‍ॅव्हरेज" म्हटलं की भाऊ मागून गुरगुरायचे, "दोनशे चाळीस म्हण गो. चोवीस काय, भाजी विकतेस?"

कंपनीच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, टाकी वडखळच्या पंपावर काठोकाठ भर, रोह्याला जाऊन ये, त्याच पंपावर त्याच नळीने परत भर, मग काय ते बोल. आणि खरं सांगते, माणसाला कळत होतं. एकाच गाडीचं खालचं मॉडेल आणि वरचं मॉडेल यांत अ‍ॅव्हरेजचा फरक का पडतो, हे मला ट्रेनिंगमध्ये कोणी धड सांगितलं नाही. भाऊंनी टायरवर लाथ मारून सांगितलं. "वरच्या मॉडेलला टायर रुंद, चाक मोठं, अंगावर वजन जास्त. शोभेला पेट्रोल लागतं." तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते आणि लोकांना वाटतं, हिला फार कळतं.

त्यांचा एकच हट्ट होता. बिनक्लचची गाडी त्यांना चालत नसे. "आटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी म्हैस," हे वाक्य त्यांनी माझ्या टेबलावर किमान शंभर वेळा आपटलं असेल. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते हमरापूरच्या दत्तात्रेयकाकांना घेऊन आले. दोघे शाळेपासूनचे दोस्त. काका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. पस्तीस वर्षं डावा पाय दुमडून, मूर्ती त्याच मांडीला टेकवून बसल्यामुळे तो गुडघा पार गेलेला. त्यांची लेक दिपिका रोह्याला दिलेली, तिला नुकतीच मुलगी झाली होती. दर रविवारी नातीकडे जायचं, एवढ्यासाठी गाडी. काकांनी आल्या आल्या सांगितलं, "बिनक्लचची दाखव पोरी. डावा पाय काय कामाचा राहिला नाय."

"येडा काय तू?" भाऊ खेकसले. "पाय दुखतो म्हणून म्हैस पाळतोस? खालचं मॉडेल घे, साधा गिअर. रोह्याला जाऊन येशील, काटा हलणार नाय."

मी कंपनीचा कागद पुढे सरकवला. त्यावर स्वच्छ छापलं होतं: साध्या गिअरची गाडी चोवीस, बिनक्लचची चोवीस पूर्णांक तीन दशांश. कारण या गाडीत गिअरबॉक्स तोच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं माणसाऐवजी मशिन करतं. मी हे सांगायला तोंड उघडलं. भाऊंनी चष्मासुद्धा न लावता कागद मागे ढकलला. "कागद कंपनीचा हाय. मी एसटीचा हाय."

मी तोंड मिटलं. साध्या गिअरची पांढरी गाडी आमच्या यार्डात उभी होती, दसऱ्याला देता आली असती. बिनक्लचचीला सहा आठवडे थांबावं लागलं असतं. आणि भाऊ रुसले तर महिन्याची दोन-तीन गिऱ्हाइकं रुसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि बुकिंगचा फॉर्म काढला. काकांनी एकदा गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ म्हणतोय तर तसंच."

दसऱ्याला हार घालून गाडी गेली. काकांच्या बायकोने, हौसाकाकूंनी, मला पेढा भरवला. तो मी खाल्ला.

सुरुवातीला रविवार ठरल्यासारखे चालले. पण पेणपासून वडखळपर्यंत गाड्यांची रांग लागली की क्लच दाब, सोड, परत दाब. पुढे नागोठणे सोडल्यावर भिसे खिंडीचा चढ. माघी गणपतीपर्यंत काका महिन्यातून एकदा जायला लागले. शिमग्यानंतर तेही बंद. काकू सांगायच्या, गणपतीच्या कारखान्यात काम फार आहे. सर्व्हिसिंगला गाडी आली नाही म्हणून मी फोन केला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ताडपत्री टाकून ठेवलीय गो. ह्यांचा पाय रात्रभर ठणकतो. दिपिका फोनवर विचारते, आबा कधी येणार? ते म्हणतात, गाडीत बिघाड हाय."

मी "बरं काकू" म्हणून फोन ठेवला. कोणालाही काही बोलले नाही. भाऊंना तर नाहीच.

भाऊंना आपली चूक कळली ती त्यांच्याच घरात. त्यांची सून नूतन रोह्याच्या शाळेत शिकवते. तिने सासऱ्याला न विचारता तीच गाडी बिनक्लचची घेतली. भाऊ चार दिवस जेवताना बोलले नाहीत. मग सुनेला धडा शिकवायचा म्हणून स्वतः चावी घेतली, वडखळला टाकी काठोकाठ भरली, रोह्याला जाऊन आले, परत भरली. दोनशे पंचेचाळीस. त्यांना वाटलं, नळीत हवा असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दोनशे पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी ते माझ्या शोरूमला आले, खुर्चीवर न बसता म्हणाले, "तो कागद दे."

ड्रॉवरमधून काढून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ती एक ओळ वाचली. नंतर कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी भाऊ हमरापूरला गेले, काकांच्या गाडीवरची ताडपत्री काढली आणि म्हणाले, "चल दत्ता, मला घरी करमत नाय, मी चालवतो." तेव्हापासून दर रविवारी भाऊ पेण-रोहा गाडी चालवतात, मागे काका-काकू. खरं कारण मात्र सांगितलं नाही. काकू गावभर सांगत सुटल्या, कमळाकरभाऊ म्हणजे देवमाणूस. त्या एकदा माझ्यासमोरच तसं म्हणाल्या, तेव्हा भाऊ उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसले. आम्ही दोघेही मूग गिळून होतो, फरक एवढाच की ते निदान गाडी तरी चालवत होते.

परवा भाऊ खुर्चीवर असताना काका पुतण्याला घेऊन आले. प्रणित त्याचं नाव. बाइकवरून पडून त्याच्या डाव्या पायात सळी घातलेली. तो बिनक्लचच्या गाडीपाशी उभा राहिला तशी काकांनी त्याला हाक मारली. "ती नको रे. ती पेट्रोल पिते. भाऊ सांगेल तीच घ्यायची, भाऊचा शब्द म्हणजे शब्द." आणि ते अभिमानाने भाऊंकडे बघत राहिले.

मी परत तोंड मिटूनच होते. बोलले ते भाऊ.

"नाय दत्ता." त्यांनी खिशातून तो कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. "ती पेट्रोल पित नाय. तुझी पण प्यायली नसती. हे छापलेलं होतं. हिने पुढे केला होता, मी चष्मा लावला नाय. तुझ्या पायाचे हाल मी केले. नातीचे इतके महिने मी खाल्ले. रविवारी येतो तो त्याच्यासाठी, मला करमत नाय म्हणून नाय."

काकांनी परत एकदा गुडघ्यावरून हात फिरवला.

"माझा पाय मला सांगत होता, आणि मी तुझं ऐकलं," ते म्हणाले. "म्हणजे मीपण येडाच. तू एसटीचा माणूस, तू कागद वाचला नायस. जाऊ दे. रविवारी ये."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"पण तू तर वाचला होतास ना गो?"